ट्रकचा कॅम बदलताय? सोबत काय नवं घ्यायचं, काय मोजून परत टाकायचं

ट्रकचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, गेला की नवा मालक पहिला प्रश्न विचारतो, "कॅम कितीला पडेल?" कॅमची किंमत एका फोनवर कळते. घोळ होतो तो त्याच्या जोडीच्या सामानात. टॅपेट, पुशरॉड, रॉकर, स्प्रिंग, लॉक, सील, बुश, थ्रस्ट प्लेट. कॅमवरचा उंचवटा म्हणजे लोब. तो टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉडला आणि पुशरॉड रॉकरला ढकलतो, रॉकर व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. यातलं काय नवं घ्यायचं, काय मोजून परत टाकायचं आणि काय कुणी फुकट दिलं तरी लावायचं नाही, हे माहीत नसेल तर मिस्तरी म्हणेल ती यादी आणि दुकानदार देईल तो माल, असं काम होतं. मग दोन-चार महिन्यांत गाडी पुन्हा त्याच पिटवर.

मी मालक-ड्रायव्हर आहे, मिस्तरी नाही. सावदा-रावेरची केळी घेऊन वर जायचं आणि परतीला मिळेल तो माल आणायचा, हा माझा धंदा. कॅमचं काम माझ्या गाडीवर होऊन गेलंय, शेजारच्यांच्या गाड्यांवरही जवळ उभं राहून पाहिलंय. लिहितोय ते कमिन्सच्या ५.९ लिटर, सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, साध्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाबद्दल. आपल्याकडे टाटाच्या जुन्या गाड्यांत ते भरपूर आहे. टाटा ६९७ वाल्यांनाही निवडीचे नियम हेच, फक्त आकडे त्या इंजिनाच्या पुस्तकातले घ्या. कॉमनरेलच्या नव्या गाड्या या लेखात नाहीत.

१. आधी कॅमच गेलाय का, ते पक्कं करा

टकटक ऐकून "कॅम गेला" सांगणारे प्रत्येक ढाब्यावर भेटतात. टॅपेट सैल झालं तरी टकटक येते, रॉकर घासला तरी येते, इंजेक्टर बिघडला तरी येते. कॅमची खूण वेगळी असते. टॅपेट सेट केलं, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप जुळवला, आठ-पंधरा दिवस गाडी शांत चालली आणि मग त्याच सिलिंडरच्या त्याच व्हॉल्व्हचा गॅप पुन्हा वाढला. पुन्हा सेट केलं, पुन्हा वाढला. असं होत असेल तर खाली लोब किंवा टॅपेटचं तोंड खाल्लं जातंय.

एक्झॉस्टचा लोब बसला तर जळालेल्या गॅसला बाहेर पडायला वाट उरत नाही. इनटेक उघडला की तो उलटा मॅनिफोल्डमध्ये शिरतो आणि एअर क्लीनरच्या बाजूने फटफट ऐकू येते. इनटेकचा लोब बसला तर त्या सिलिंडरला हवा कमी पडते, धूर काळा होतो आणि बिजासन घाटात गाडी नेहमीपेक्षा एक गिअर खाली मागते.

मोजून बघायला हेड उतरवावं लागत नाही. ५.९ ला प्रत्येक सिलिंडरचं टॅपेट कव्हर वेगळं असतं. कव्हर काढा, चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज लावा, त्याचं टोक रॉकरच्या पुशरॉडकडच्या बाजूला टेकवा आणि इंजिन हाताने सावकाश फिरवून पुशरॉड किती उचलला जातो ते लिहून ठेवा. सहा इनटेक एकमेकांशी ताडून बघा, सहा एक्झॉस्ट एकमेकांशी. पाच सारखे आणि एक कमी आला की तोच लोब. इनटेकचा आकडा एक्झॉस्टशी जुळवू नका, दोघांची उचल मुळात वेगळी असू शकते.

जोडीला जुना ऑइल फिल्टर कापा, आतला कागद उलगडा आणि चुंबक फिरवा. लोखंडाची काळी लापशी चिकटून आली तर ती तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचली असणार. मग चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवून एक-दोन बेअरिंगच्या कॅप उघडून बघा. घासलेल्या बेअरिंगवर नवा कॅम टाकून पैसे घालवू नका.

२. गाडीचं मॉडेल सांगू नका, प्लेटचा फोटो दाखवा

"२५१५ चा कॅम द्या" म्हणून माल घेतला की चूक ठरलेली. एकाच कंपनीच्या, एकाच टनाच्या गाड्यांत ६९७ सुद्धा आलं आणि कमिन्स ५.९ सुद्धा. दोन्ही सहा सिलिंडर, दोन्हींची ताकद जवळपास. पण ६९७ चा बोअर ९७ मिमी आणि स्ट्रोक १२८ मिमी, तर ५.९ चा बोअर १०२ मिमी आणि स्ट्रोक १२० मिमी. आतला एकही पार्ट एकमेकांना चालत नाही.

कमिन्सच्या इंजिनावर जी प्लेट असते तिच्यावर इंजिन नंबरबरोबर सीपीएल नंबर असतो. तो इंजिन कुठल्या सामानाने बांधलंय त्याची यादी सांगतो: कुठला कॅम, कुठला पिस्टन, कुठला पंप. एकाच ५.९ मध्ये वेगवेगळ्या सीपीएलला वेगळा कॅम असू शकतो. प्लेटवर ग्रीस आणि धूळ बसलेली असते, म्हणून डिझेलचं फडकं फिरवून उजेडात फोटो घ्या. जुनी, दोन-तीन हातांतून आलेली गाडी असेल तर प्लेटवरचा इंजिन नंबर आरसीशी जुळतो का तेही याच वेळी बघून टाका. कुणी म्हणेल, "कॅमच्या भानगडीत कशाला पडतो भो, जुन्या बाजारातलं अख्खं इंजिनच टाक." तो रस्ता आरटीओच्या परवानगीतून जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, कारण इंजिन नंबर आरसीवर असतो.

३. गोळा करून ठेवायच्या गोष्टी

कागद: आरसीची झेरॉक्स, प्लेटचा फोटो, त्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल किंवा निदान टॉर्क आणि गॅपचं पान, आणि जुन्या कॅमवर पार्ट नंबर कोरलेला असेल तर त्याचाही फोटो.

हत्यारं: फिलर गेज, डायल गेज, २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर, व्हर्निअर, टॉर्क पाना, इंजिन फिरवायचं बारिंग टूल, बारा लाकडी दांड्या, रबर बँड, लांब अर्धा कापलेला पाइप. दांड्या आणि पाइप कशाला, ते पुढे टॅपेटमध्ये येतंय.

याशिवाय एक जाड पुठ्ठा. त्यावर बारा भोकं पाडा, १ ते ६ आणि आत-बाहेर असं लिहा. पुशरॉड निघेल तसा आपापल्या भोकात खोचायचा. मिस्तरीला हसू येईल. येऊ द्या.

४. कॅम निवडताना

दुकानात साधारण चार प्रकारचा माल समोर येतो.

पहिला कंपनीचा जेन्युइन. महाग, पण पार्ट नंबरवर मिळतो आणि वाद राहत नाही. दुसरा नावाजलेल्या सुट्या भागांच्या कंपनीचा. यात चांगला माल असतो. फक्त डबा सीलबंद हवा, कॅमवर नंबर हवा आणि कॅम तेलकट कागदात गुंडाळलेला हवा. लोबवर गंजाचा एक ठिपका दिसला तरी परत करा, तिथूनच टॅपेट खायला सुरुवात होते.

तिसरा लोकल. दिसायला चकचकीत असतो, खरं तर जास्तच चकचकीत. कॅमची सगळी किंमत लोबच्या वरच्या कडक थरात असते. ओतीव कॅममध्ये तो थर ओततानाच लोब झटकन थंड करून आणतात, पोलादी कॅममध्ये लोब तापवून कडक करतात. हा थर डोळ्यांना दिसत नाही, पॉलिश दिसतं. म्हणून ज्यांचा रोजचा धंदा गाडीवर आहे त्यांनी लोकल कॅम घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. वाचलेले पैसे पहिल्याच वेळी रेडिएटर उतरवण्याच्या मजुरीत जातात.

चौथा घासून आणलेला, म्हणजे जुना कॅम ग्राइंडिंगवाल्याकडे देऊन लोब पुन्हा आकारात आणलेला. हा सौदा वरवर भारी वाटतो. पण लोबचं टोक झिजलेलं असतं, तेव्हा उचल पहिल्याइतकी ठेवायची तर खालचा गोल भागही तेवढाच खोल घासावा लागतो. त्यामुळे टॅपेट आधीपेक्षा खाली बसतं, पुशरॉड आखूड पडतो आणि रॉकरचा सेटिंग स्क्रू जवळजवळ संपेपर्यंत खाली घालावा लागतो. वर कडक थर किती उरला, ते ग्राइंडिंगवालाही सांगू शकत नाही. ज्या जुन्या इंजिनाला नवा कॅम मिळतच नाही त्याच्यासाठी ठीक. ५.९ ला कॅम मिळतो, मग हे कशाला?

आता जास्त उचलीचा कॅम. व्हिडिओ बघून आलेली पोरं विचारतात, "मोठा कॅम टाकला तर गाडी पळेल ना?" डिझेलमध्ये पिस्टन वर आला की हेडच्या अगदी जवळ असतो. व्हॉल्व्ह जास्त उघडला किंवा जास्त वेळ उघडा राहिला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातलं अंतर मोजावं लागतं. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, स्प्रिंगवरची वाटी व्हॉल्व्हच्या सीलवर आदळत नाही ना, हेही बघावं लागतं. म्हणजे स्प्रिंग बदला, वाटी बदला, मग टॅपेटवर दाब वाढला म्हणून टॅपेटही वेगळे. पुढे पंप आणि टर्बो त्या कॅमला साजेसे हवेत. माल वेळेवर मंडईत पोहोचवणाऱ्या गाडीला यातलं काही लागत नाही. प्लेटवर आहे तीच उचल, तोच कॅम.

५. टॅपेट: इथे काटकसर नाही

नवा कॅम म्हणजे बाराही टॅपेट नवे. "जुने टॅपेट चांगले दिसतात" हे वाक्य कुणी बोललं तर तिथेच थांबा.

या इंजिनात टॅपेटला रोलर नसतो, सपाट तोंड थेट लोबवर घासतं. चालता चालता प्रत्येक टॅपेट आपल्या लोबच्या आकाराप्रमाणे घासून बसलेलं असतं, जात्याच्या वरच्या-खालच्या तळीसारखं. एक तळी बदलून दुसरी जुनीच ठेवली तर पीठ नीट येत नाही. इथे तर नवा लोब थोड्याच तासांत सोलला जातो. उलटही लक्षात ठेवा: कॅम चांगला निघाला आणि तोच परत टाकायचा असेल तर प्रत्येक जुनं टॅपेट त्याच्याच लोबवर गेलं पाहिजे, दुसऱ्यावर नाही.

टॅपेट तपासायची एक युक्ती सांगतो. बऱ्याच इंजिनांत सपाट म्हणवणाऱ्या टॅपेटचं तोंड किंचित फुगीर असतं आणि लोबही किंचित उतरता घासलेला असतो, म्हणून टॅपेट जागच्या जागी गरगर फिरत राहतं आणि एकाच ठिकाणी झिजत नाही. नव्या डब्यातली दोन टॅपेट तोंडाला तोंड लावून धरा आणि उजेडाकडे बघा. कडेने बारीक उजेड दिसला आणि दोन्ही एकमेकांवर किंचित डुलली की तोंड फुगीर आहे. मग झिजलेलं जुनं टॅपेट तसंच धरून बघा. मध्ये खड्डा पडला असेल तर उजेड कडेने न येता मधून येईल. नव्या सेटमधली काही डुलतात आणि काही डुलत नाहीत असं आढळलं तर तो सेट घेऊ नका.

कॅम आणि टॅपेट एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच बिलावर घ्या. कुठल्या धातूवर कुठला धातू चालतो ते कॅम बनवणाऱ्याने जुळवलेलं असतं. कॅम एकाचा आणि टॅपेट दुसऱ्याचे घेतलेत आणि लोब गेला, तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता काढायचा प्रश्न. ५.९ चं टॅपेट खालून रुंद, छत्रीसारखं असतं. ते वरून निघत नाही, कॅमच्या पोकळीतूनच काढावं लागतं. पुशरॉड काढल्यावर वरून लाकडी दांडी टॅपेटमध्ये घट्ट ठोकायची, टॅपेट वर ओढायचं आणि दांड्या जोडीजोडीने रबर बँडने बांधायच्या, म्हणजे टॅपेट वर लटकून राहतात आणि कॅम मोकळा बाहेर येतो. मग कॅमच्या पोकळीत सैल जाईल असा अर्धा कापलेला पाइप आत सरकवायचा, एकेक टॅपेट त्यात सोडायचं आणि पाइप ओढून बाहेर काढायचं. नवं टॅपेट त्याच वाटेने आत. पीव्हीसी पाइपचा तुकडा जळगाव जिल्ह्यात तरी शोधत फिरावं लागत नाही. पण एखादं टॅपेट निसटून चेंबरमध्ये पडलं की अख्खा चेंबर उतरवावा लागतो, तेव्हा या कामात घाई करणारा मिस्तरी नको.

६. पुशरॉड आणि रॉकर

पुशरॉड सहसा नवे लागत नाहीत. काचेवर ठेवून लोटा. लंगडत गेला तर वाकलाय, टाकून द्या. ठोकून सरळ करू देऊ नका. दोन्ही टोकांची गोळी आणि वाटी नखाने चाचपा, खरवड लागली तर बदला. हेडचा फेस कापलेला असेल किंवा हेड गॅस्केट वेगळ्या जाडीची टाकली असेल, तर नव्या कॅमवर सेटिंग स्क्रू साधारण मधल्या जागी येतो का ते बघून लांबी ठरवा.

रॉकरचं जे टोक व्हॉल्व्हवर टेकतं तिथे खळगा पडतो, आणि हाच मोठा सापळा आहे. फिलर गेज त्या खळग्यावर पुलासारखी बसते. तुम्हाला वाटतं गॅप बरोबर आहे, प्रत्यक्षात तो खळग्याच्या खोलीएवढा जास्त असतो. टॅपेट कितीही सेट केलं तरी आवाज जात नाही आणि दोष नव्या कॅमवर येतो. खळगा नखाला लागला की रॉकर बदला. घासून सपाट करण्याचा सल्ला मी तरी घेणार नाही, कारण तिथेही कडक थर वरवरचाच असतो. शाफ्टवर रॉकर डुलत असेल तर शाफ्टही तपासा, आणि तेलाची भोकं तारेने मोकळी करून हवा मारा.

७. स्प्रिंग, वाटी, लॉक, सील

आपल्या भागातल्या गाड्यांना स्प्रिंगचा विचार जरा जास्तच करावा लागतो, कारण घाट. सुरतेला जाताना कोंडाईबारी, इंदूरकडे बिजासन, खाली संभाजीनगरकडे कन्नड. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये उतरते तेव्हा इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. गव्हर्नर डिझेल कापू शकतो, पण चाकांनी फिरवलेले आरपीएम तो थांबवू शकत नाही. स्प्रिंग थकलेली असेल तर आरपीएम वाढल्यावर व्हॉल्व्ह लोबच्या मागे वेळेत बंद होत नाही, तरंगतो. पुशरॉड वाकतो, आणि नशीब वाईट असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो. एक्झॉस्ट ब्रेक वापरत असाल तर मागे कोंडलेला दाब एक्झॉस्ट व्हॉल्व्हला उघडायला बघतो, त्याला अडवून धरायचं कामही त्याच स्प्रिंगचं.

स्प्रिंग काढल्या की बाराही शेजारी काचेवर उभ्या करा. बुटकी स्प्रिंग लगेच नजरेत भरते. काटकोन लावून बघा, वरचं टोक झुकलं असेल तर ती गेली. हेडचं काम करणाऱ्या चांगल्या दुकानात स्प्रिंग दाबून जोर मोजायचं यंत्र असतं. पुस्तकातल्या उंचीवर पुस्तकातला जोर आला पाहिजे. एक-दोनच कमी निघाल्या तरी मी सगळा सेट बदलतो. कॅमच्या मानाने स्प्रिंगचा सेट स्वस्तात येतो.

थकलेल्या स्प्रिंगखाली वायसर टाकून जोर वाढवायचा प्रकार सर्रास चालतो. "चाली जाई" म्हणतात. पण वायसरच्या जाडीएवढी स्प्रिंग आधीच दबलेली असते, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की वेढे टेकतात आणि तो सगळा धक्का लोबवर जातो. उगाच जास्त जोराच्या स्प्रिंगाही नकोत. सपाट टॅपेटला स्प्रिंगचा वाढीव जोर म्हणजे लोबवर वाढीव घासण. प्लेटनुसार जी स्प्रिंग येते तीच टाका.

लॉक आणि वाटी: लॉक म्हणजे व्हॉल्व्हच्या देठाला स्प्रिंगवरच्या वाटीत अडकवून धरणारे तुकडे. लॉकच्या आतल्या खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर नवे घ्या. व्हॉल्व्हचा देठ लॉकच्या जागी झिजलाय का, तेही बघा. सील नवेच.

८. पुढच्या भागातलं बारीक सामान

हे सामान यादीत नसलं की काम अर्ध्यावर थांबतं, कारण ते फक्त कॅम काढला की हाती लागतं.

थ्रस्ट प्लेट: कॅम पुढेमागे सरकू नये म्हणून असते. चर पडला असेल तर बदला. कॅमची चावी आणि पुढच्या कव्हरचं पॅकिंग, क्रँकचं पुढचं ऑइल सील, टॅपेट कव्हरच्या सहा गॅस्केट. कॅमचा बुश: ५.९ च्या मूळ ब्लॉकला पुढच्या जागेतच बुश असतो. नवा दाबताना त्याचं तेलाचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलं पाहिजे. आलं नाही तर कॅमचा पहिला जर्नल, म्हणजे बुशात फिरणारा गोल भाग, तेलावाचून जातो.

गिअर कॅमवर दाबून बसवलेला असतो. नवा बसवायला गिअर साधारण १२० अंशांपर्यंत तापवतात. लेथवाल्याकडे तेलात किंवा ओव्हनमध्ये तापवून घ्या. गॅसच्या ज्वाळेने दात लाल करून हातोड्याने ठोकायचं काम कुणी सुरू केलं तर हात धरा. ताप जास्त झाला की दातांचा कडकपणा जातो.

आणि एक पिन. टायमिंग गिअरची केस जागेवर बसवण्यासाठी एक छोटी डॉवेल पिन असते. जुन्या ५.९ मध्ये ती कंपनाने सैल होऊन गिअरमध्ये पडण्याचा प्रकार जगभर माहीत आहे. पडली तर केस फुटते, दात तुटतात. कव्हर उघडलंच आहे, तर पिनच्या तोंडावर पट्टी बोल्टने अडकवून घ्या. एवढं काम नंतर वेगळं करायचं म्हटलं तर पुन्हा सगळं पुढचं खोलावं लागेल.

९. दुकानात

यादी लिहून न्या आणि जुना कॅम सोबत न्या. नवा आणि जुना शेजारी ठेवून लांबी, जर्नल, लोबांची दिशा आणि फ्युएल लिफ्ट पंपाचा लोब ताडून बघा. यांत्रिक लिफ्ट पंप कॅमवरच चालतो, हे काउंटरवर बऱ्याचदा विसरलं जातं. मायक्रोमीटर खिशात असेल तर दोन लोब तिथेच मोजा. दुकानदाराला वाईट वाटत नाही. वाटलं तर दुकान बदला.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. एका शहरातल्या मोठ्या काउंटरवरून माझ्या ओळखीच्या माणसाने घेतलेल्या टॅपेटचा डबा ब्रँडेड आणि आतला माल भलताच निघाला होता. बिलावर नुसतं "टॅपेट सेट" लिहिलेलं, म्हणून परत घ्यायला कुणी तयार नव्हतं. डबा काउंटरवरच उघडा.

१०. बसवताना कशावर नजर ठेवायची

हे काम मिस्तरीचं, पण खालच्या गोष्टींच्या वेळी तुम्ही तिथे उभे राहा.

काढायच्या आधी टायमिंगच्या खुणा जुळवून फोटो घ्या. कॅम गिअर आणि क्रँक गिअरच्या खुणा समोरासमोर, पंपाच्या गिअरची खूण वेगळी. पंप लॉक करा. पहिला सिलिंडर टॉपवर आला की केसच्या मागून एक टायमिंग पिन कॅम गिअरच्या भोकात शिरते. ही पिन प्लास्टिकची असते. ती आत असताना इंजिन फिरवलं की तुटते. काम झाल्याबरोबर ती बाहेर ओढा.

कॅम ओढण्याआधी लिफ्ट पंप काढलाय का, विचारा.

५.९ मध्ये रॉकरच्या स्टँडमधून जाणारा लांब बोल्ट हा हेडचा बोल्ट असतो. म्हणजे रॉकर काढले की हेडचे सहा बोल्ट सैल होतात. ते अंदाजाने कसू नका. पुस्तकात दिलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्यानेच. इथे ढिलाई झाली तर पुढच्या उन्हाळ्यात हेड गॅस्केट जाते आणि कॅमच्या कामाचा त्याच्याशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

लोबवर आणि टॅपेटच्या तोंडावर मॉलीचं असेंब्ली ग्रीस भरपूर चोपडा. साधं तेल पुरत नाही, ते उभ्या गाडीत निथळून जातं.

टॅपेट थंड इंजिनावर सेट करा. ५.९ ला इनटेक ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५० मिमी. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपवर असताना इनटेक १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५. क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून इनटेक ३, ५, ६ आणि एक्झॉस्ट २, ४, ६. हे गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

११. पहिला अर्धा तास

नव्या कॅमचं आयुष्य इथे ठरतं. सपाट टॅपेटच्या लोबला क्रँकवरून उडणारं तेल मिळतं, आणि आयडलिंगला ते सगळ्यात कमी उडतं. त्यामुळे गाडी सुरू करून "जरा आयडलिंगला राहू द्या, गरम होऊ द्या" हे इथे अजिबात चालत नाही.

क्रम असा ठेवा. नवा फिल्टर, नवं १५डब्ल्यू-४० तेल. झिज रोखणारा जस्ताचा अंश सपाट टॅपेटला हवा असतो, म्हणून मी सीआय-४ प्लस दर्जाचंच घेतो. त्यानंतर डिझेलची लाइन ब्लीड करून हवा पूर्ण काढा. हे आधी करायचं, कारण हवा राहिली तर नुसता सेल्फ मारत बसावं लागतं आणि तेवढ्यात लोबवरचं ग्रीस पुसलं जातं. मग इंजिन बंद करायची केबल ओढून धरा आणि तेलाचा दाब दिसेपर्यंतच सेल्फ मारा. रेडिएटरमध्ये पाणी भरलंय का बघा.

सुरू झालं की लगेच १,५०० आरपीएमच्या आसपास न्या आणि वीस-तीस मिनिटं तिथेच ठेवा, अधूनमधून थोडं वर-खाली करत. तेलाचा दाब आणि पाण्याचा काटा यांच्यावर नजर ठेवा. मे महिन्यात काम काढलं असेल तर हा कार्यक्रम पहाटे उरका, ४५ अंशांत उभ्या गाडीचा रेडिएटर तग धरत नाही. कुठे गळती दिसली तर ताबडतोब इंजिन बंद करा, दुरुस्त करा आणि पुन्हा थेट १,५०० वर न्या.

थंड झाल्यावर टॅपेटचे गॅप पुन्हा तपासा. पहिले पाचशे ते हजार किलोमीटर हलका माल घ्या, घाट टाळता आला तर टाळा, आणि मग तेल व फिल्टर दोन्ही बदला. तो फिल्टरही कापून चुंबक फिरवा. पहिल्या वेळी करड्या रंगाचा बारीक थर येतो, तो चालतो. चमकणारे कण किंवा पापुद्रे आले तर गाडी भरू नका. कव्हर काढून पुन्हा डायल गेज लावा आणि आधी लिहून ठेवलेल्या चांगल्या लोबांच्या आकड्यांशी ताडून बघा.